मांडवीवरच्या नव्या फेरीबोटी

गंगाखेडला गोदावरी पुलावरून ओलांडणाऱ्या परभणीकरांना फेरीबोटीची निकड सहसा जाणवत नाही. गोव्यातील मांडवी नदीतल्या चोडण बेटाचे दैनंदिन जीवन मात्र रायबंदरच्या धक्क्यावर येणाऱ्या फेरीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. राज्याच्या नदी परिवहन खात्याच्या जुन्या बोटी थकत चालल्याने जुलै 2025 मध्ये या मार्गावर ‘गंगोत्री’ व ‘द्वारका’ या रो-रो बोटी, म्हणजे ज्यांत वाहने स्वतःच्या चाकांवर चढतात आणि उतरतात अशा बोटी, दाखल झाल्या. एका बोटीत सुमारे 100 प्रवासी, 15 चारचाकी आणि 40 दुचाकी मावतात. तथापि क्षमता वाढवताना धक्क्याचा उतार, भरती-ओहोटीतील पाण्याची खोली आणि राखीव बोट यांचे नियोजन आधी व्हायला हवे. केवळ बोटखरेदी म्हणजे ताफ्याचे नूतनीकरण नव्हे.