एका गाडीत मावणारी मंडळी

नागपूरहून हावड्याच्या वाटेला लागलेली आगगाडी गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग अशी स्थानके घेत रायपूरला पोचते. दिवाळीनंतर या वाटेने जाणाऱ्याला दोन्ही बाजूंना कापणीला आलेले किंवा खळ्यावर रचलेले धान दिसते. याच दिवसांत भंडारा-गोंदियाकडे मंडई भरते, तर पुढे छत्तीसगढात मडई. अक्षराचाच काय तो फरक! मडई म्हणजे जत्रेचा बाजार. आणि मडईची रात्र म्हणजे पुष्कळ गावी ‘नाचा’. हा नाचा घेऊन रायपूर, दुर्ग, राजनांदगाव या मुलखात हिंडणाऱ्या छोट्या मंडळींविषयी आज बोलावयाचे आहे.

नावावरून हा केवळ नृत्याचा प्रकार असावा असे वाटेल. वस्तुतः त्यात गाणे, वादन, नृत्य आणि हजरजबाबी प्रहसन या सर्वांचा मेळ असतो. आपल्या तमाशात जसा सोंगाड्या, तसा येथे ‘जोक्कड़’. लुगडे नेसून, डोक्यावर कळशी तोलत नाचणारा पुरुष म्हणजे ‘परी’. प्रहसनाला म्हणतात ‘गम्मत’. हा शब्द मराठी कानाला परका नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर अठराव्या शतकात बसला, आणि काही अभ्यासक नाचाचे मूळ मराठा छावण्यांतील करमणुकीशी जोडतात. ते कसेही असो. पूर्व विदर्भातील ‘खडी गंमत’ आणि हा नाचा यांचे नाते पाहणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

मंडळी बहुधा दहा-पंधरा जणांची. त्यांत कोणी अल्पभूधारक शेतकरी, कोणी शेतमजूर, कोणी गुराखी. पावसाळ्यात हे लोक चिखलात रोवणी करतात; धान घरात आले की पेटी, तबला, ढोलक, मंजिरे आणि कपड्यांची एक ट्रंक बैलगाडीत टाकून निघतात. गाडी नसेल तेव्हा ओझे वाटून घेऊन पायी कोसच्या कोस तुडवावयाचे. गावात पोचल्यावर कोणाच्या तरी ओसरीवर उतरावयाचे, गावाने दिलेले जेवावयाचे, आणि हरताळ, मुर्दाडशिंग, कोळसा अशा सामग्रीने तोंडे रंगवावयाची. रात्री दहाच्या सुमारास देवतावंदन होते. मग परी येते, जोक्कड़ येतात, गम्मतीमागून गम्मत होते आणि पूर्वेकडे उजाडेपर्यंत खेळ चालतो. झोप मिळालीच तर पुढच्या गावाच्या वाटेवर, गाडीच्या हेलकाव्यांत.

या खेळाला तिकीट नसते. गाव वर्गणी करून मंडळी बोलावते आणि लहानथोर सारे येऊन बसतात. आपल्याकडे मोठ्या तमाशाच्या फडांनी तंबू, तिकीट आणि मालमोटारी यांचा संसार उभा केला. नारायणगावला त्यांच्या राहुट्या लागतात, आणि यात्रेच्या सुपाऱ्या तेथे ठरतात. नाचाने ही वाट धरली नाही. एका गावाला एका रात्री जेवढी माणसे पोसता येतील आणि एका गाडीत जेवढा पसारा मावेल, तेवढीच मंडळी. हा लहानपणा केवळ गरिबीतून आला असे समजू नये. रंगमंच म्हणजे चार खांब आणि वर एक छत. तिन्ही बाजूंना लोक. संहिता लिहिलेली नाही, त्यामुळे त्या गावचा कंजूष सावकार किंवा नुकतेच झालेले भांडण त्याच रात्री गम्मतीत येऊ शकते. सोबत नेपथ्याचे ओझे असते तर ही चपळाई राहिली नसती.

जुन्या पद्धतीत वादकांनाही बसण्याची सोय नव्हती. तिला ‘खडे साज’ म्हणत. वाद्ये कमरेला बांधून वादक रात्रभर उभे राहत आणि मशालीच्या उजेडात नाचणाऱ्याच्या मागेपुढे फिरत. ही पद्धत बदलण्याचे श्रेय राजनांदगावजवळच्या रवेली गावचे मालगुजार दाऊ दुलारसिंह साव यांना दिले जाते. ‘दाऊ मंदराजी’ म्हणून ते सर्वत्र ओळखले जात. 1927-28 च्या सुमारास त्यांनी रवेलीची नाच पार्टी बांधली. चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली. वादकांना बसावयास आसन मिळाले. मशालीची जागा गॅसबत्तीने घेतली. बैठकीमुळे वादनाला स्थैर्य आले आणि बत्तीमुळे नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दूरवर बसलेल्या म्हातारीलाही दिसू लागले.

पण या सुधारणांचा पैसा कोठून यावयाचा? गावच्या वर्गणीत एक रात्र निघते; वर्ष निघत नाही. वाद्ये, कपडे, आजारी पडलेल्या नटाचे घर हा सारा भार कोणीतरी उचलावा लागतो. मंदराजींनी तो स्वतःच्या जमिनीवर घेतला. शंभर एकरांच्या घरातील शेती नाचाच्या पायी हातची गेली असे त्या मुलखात सांगतात. ज्या गम्मतींत मालगुजार आणि सावकार यांची टर उडविली जाई, त्यांचा खर्च एक मालगुजार आपले शेत विकून करीत होता! 1984 मध्ये ते वारले, ते विपन्नावस्थेत. आज छत्तीसगढ शासन लोककलेसाठी त्यांच्या नावाने सन्मान देते.

याच मंडळींतून निघालेली माणसे पुढे दूरवर गेली. रायपूरला 1923 साली जन्मलेले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि काही काळ मुंबईच्या आकाशवाणीत काम केलेले हबीब तनवीर 1958 मध्ये विलायतेतून नाट्यशिक्षण घेऊन परतले. रायपुरात त्यांनी रात्रभर नाचा पाहिला आणि मदनलाल, ठाकुरराम, बाबूदास, भुलवाराम, जगमोहन व लालूराम या सहा जणांना ते दिल्लीला घेऊन गेले. देवलांमुळे मराठी रसिकांच्या घरचे झालेले ‘मृच्छकटिक’ त्यांनी ‘मिट्टी की गाड़ी’ या नावाने बसविले, त्यात हे कलावंत होते. 1959 मध्ये ‘नया थिएटर’ उभे राहिले.

परंतु आरंभी एक अडचण आली. गावात रात्ररात्र लोकांना खिळवून ठेवणारे हे नट दिल्लीच्या रंगमंचावर अडखळू लागले. अमुक वाक्याला डावीकडे वळा, अमुक ठिकाणी थांबा, हे त्यांच्या अंगी लागेना; कारण तिन्ही बाजूंना लोक असताना जिकडून दाद येते तिकडे वळणे, हीच त्यांची विद्या होती. त्यात हिंदी ही त्यांच्या जिभेवरची भाषा नव्हे. उणीव नटांत नसून आपल्या पद्धतीत आहे, हे तनवीरांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले. त्यांनी कलावंतांना त्यांची छत्तीसगढी बोली परत दिली. 1973 मध्ये रायपूरला नाचाचे शिबिर झाले. 1975 मध्ये ‘चरणदास चोर’ आले, आणि 1982 मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्या नाटकाला पारितोषिक मिळाले. एका गाडीत मावणारी कला समुद्रापार पोचली, ती स्वतःची बोली न सोडता.

आज नाचा मंडळी जीपमधून येतात. गॅसबत्ती गेली, वीज आली, ध्वनिवर्धक आला. पन्नास-पन्नास कलावंतांचे मोठे लोककला मंचही झाले. त्यांतील पहिला गाजलेला, दाऊ रामचंद्र देशमुखांचा ‘चंदैनी गोंदा’, 1971 मध्ये उभा राहिला. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि मोठ्या मंचाला मोठे मैदान आणि मोठा यजमान लागतो. ज्या खेड्याची ऐपत दहा-बारा माणसांना एक वेळ जेवू घालण्याची आहे, त्याच्या वाट्याला छोटीच मंडळी यावयाची.

आपल्या गावी अशी एखादी मंडळी आली, तर रात्रीच्या टाळ्यांबरोबर तिच्या सकाळचाही विचार आपण करावा. खेळ संपला की परी झालेला पुरुष लुगडे घडी घालून ट्रंकेत ठेवतो, विहिरीवर तोंड धुतो आणि हरताळेचा पिवळा रंग निघेतो चोळत राहतो. पुढचे गाव पाच कोसांवर असते. त्याला वेळेवर न्याहारी आणि ठरलेली बिदागी मिळाली, तर तो पुढल्या मडईलाही येईल.