अखेरच्या शब्दांचे मोल

मरणाच्या दारात उभा असलेला माणूस खोटे बोलत नाही, असा एक जुना समज आहे. या समजाला कायद्यानेही मान दिला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाने मृत्युपूर्व जबानी ग्राह्य ठरविली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम राहिली. तिचा उगम इंग्रजी कायद्यात असून त्या कायद्यामागे ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे. ज्याला घटकाभरात ईश्वरापुढे उभे राहावयाचे आहे, तो ओठांवर असत्य घेऊन कसा जाईल, अशी ती धारणा. परंतु ज्या धर्मातून ही धारणा आली, त्याचे धर्मग्रंथ मात्र इतका भाबडा विश्वास बाळगीत नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानात येशूसमवेत दोन गुन्हेगारांना क्रुसावर दिल्याचे वर्णन आहे. शिक्षा एकच, यातना त्याच आणि मरणही तितकेच जवळ. तरीही त्यांपैकी एक अखेरपर्यंत येशूची निंदा करीत राहिला, तर दुसऱ्याने आपला अपराध मान्य करून आपले स्मरण ठेवण्याची विनंती केली. मृत्यू समीप आला म्हणून वाणी आपोआप शुद्ध होत नाही, हाच याचा अर्थ. शेवटच्या क्षणीही निवड माणसालाच करावी लागते. ख्रिस्ती परंपरेने या प्रसंगातून दोन्ही बाजूंचा बोध घेतला: पश्चात्तापाला कधीच उशीर झालेला नसतो, मात्र त्या एका क्षणाच्या भरवशावर सारे आयुष्य उधळणेही शहाणपणाचे नव्हे.

स्वतः येशूचे क्रुसावरील म्हणून जे सात उद्गार मानले जातात, ते चारही शुभवर्तमाने मिळून सात होतात. मत्तय आणि मार्क यांच्यात मिळून एकच आहे. लूक व योहान यांच्यात प्रत्येकी तीन आहेत. परंपरेने लावलेला त्यांचा क्रम मोठा अर्थपूर्ण आहे. पहिले तीन उद्गार इतरांसाठी आहेत. मारणाऱ्यांना क्षमा व्हावी ही प्रार्थना, पश्चात्तापदग्ध गुन्हेगाराला दिलेले आश्वासन आणि आईची शिष्यावर सोपविलेली जबाबदारी. त्यानंतर येतो तो देवाने आपल्याला का टाकले, हा आक्रोश. मग साधी तहान. नंतर कार्य पूर्ण झाल्याची घोषणा आणि शेवटी आत्म्याचे समर्पण. पूर्णतेच्या उद्गारात योहानाने योजिलेले ग्रीक क्रियापद नव्या करारात अन्यत्र कर भरण्याच्या अर्थानेही आले आहे. तो हताशेचा सुस्कारा नव्हे. हाती घेतलेले पार पडल्याची ती ग्वाही आहे.

या सातांपैकी देवाला विचारलेला प्रश्न बाविसाव्या स्तोत्रातून आणि समर्पणाचे शब्द एकतिसाव्या स्तोत्रातून आलेले आहेत. यहुदी उपासनेत रुळलेली ही प्रार्थनाच त्या घोर प्रसंगी तोंडी आली. आयुष्यभर ज्याचा सराव असतो, तेच अखेरीस हाताशी येते.

या सरावाचे महत्त्व युरोपला फार मोठी किंमत मोजून कळले. १३४७ ते १३५१ या काळातील प्लेगच्या महामारीत असंख्य धर्मगुरूही दगावले आणि मरणाऱ्याजवळ बसणारे कोणी उरेना. पुढे पंधराव्या शतकात ‘आर्स मोरिएन्दी’, म्हणजे ‘मरणाची कला’, या नावाच्या पुस्तिका सर्वत्र पसरल्या. मरणोन्मुख माणसापुढे येणारे पाच मोह त्यांत वर्णिले आहेत: अश्रद्धा, निराशा, अधीरता, अहंकार आणि लोभ. लोभाच्या चित्रात सैतान रुग्णाला त्याचे घर, मद्याची पिंपे आणि तबेल्यातील घोडा दाखवितो! मरणाऱ्याला कोणते प्रश्न विचारावेत, त्याच्यासाठी कोणत्या प्रार्थना म्हणाव्यात, हेही तेथे सांगितले आहे. त्याबरोबरच आप्तेष्टांनी बरे होण्याची खोटी आशा दाखवून त्याची तयारी हुकवू नये, अशी ताकीदही आहे.

कॅथलिक चर्चने १९६३ साली याच दिशेने एक पाऊल टाकले. ‘अंत्याभ्यंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्कारास ‘रुग्णांचे अभ्यंग’ म्हणणे अधिक उचित होय, तो केवळ शेवटचा श्वास घेणाऱ्यांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले. जाणाऱ्याच्या शिदोरीचे स्थान अखेरच्या ख्रिस्तप्रसादाला आहे.

हा विचार एका धर्मापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. आज अनेकांचा शेवट अतिदक्षता विभागात, घशात नळी असताना होतो. तेथे बोलणेच शक्य नसते. त्यापूर्वीच्या आठवड्यांत रुग्णापासून आजाराचे नाव लपविले जाते. रुग्णालाही बहुधा ते कळलेले असते आणि तोही घरच्यांपासून आपले कळणे लपवितो. प्रेमापोटी चाललेल्या या मूक नाटकात क्षमा मागावयाची राहते, आईची वा पत्नीची सोय सांगावयाची राहते, भय बोलून दाखवावयाचेही राहते. क्रुसावरील उद्गारांत या तिन्ही गोष्टींना जागा आहे.

अखेरच्या शब्दांचे मोल ते अखेरचे असतात म्हणून नसते. जे बोलणे एरवीही आवश्यक होते, ते त्या वेळी बोलले गेले, म्हणून ते असते. असे शब्द शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवण्याचा अट्टहास कशासाठी? बोलता येते आहे तोवरच ते बोलले जाणे श्रेयस्कर.