दुकानाचा उंबरठा आणि पडद्यावरचा विश्वास

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याच्या परिसरातून नया बाजारकडे वळले की जुन्या पद्धतीच्या व्यापाराचे दर्शन घडते. दुकानदार गादीवर बसलेला असतो. समोर पांढऱ्या चादरीवर कापडाच्या घड्या एकामागून एक उलगडल्या जातात. ग्राहक पदर हातात घेतो, बोटांनी चाचपतो, उजेडात धरून पाहतो आणि मगच किमतीची गोष्ट निघते. कित्येक कुटुंबांचे दुकान ठरलेले असते. आजीने जिथून लग्नाचा बस्ता घेतला, तिथेच नातही जाते. कापडात काही दोष निघाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच उंबरठ्यावर जाऊन उभे राहता येते, ही खात्री त्या नात्याच्या मुळाशी असते.

या शहराचा मराठी भाषकांशी असलेला संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ येथे पडला आणि त्या छावणीतूनच लष्कर नावाची वस्ती उभी राहिली. शिंदे की छावनी, फालका बाजार, चिटणीस की गोठ ही नावे आजही त्या काळाची साक्ष देतात. फौजेमागोमाग सराफ, कापडवाले, किराणावाले आले आणि बाजार वाढत गेला. १९०५ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात सुरू झालेला ग्वाल्हेरचा व्यापार मेळा हा त्याच परंपरेचा पुढचा टप्पा होय.

आज अशा बाजारातील अनेक व्यापाऱ्यांनी आपला माल संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर मांडला आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या पेठेत बसणाऱ्या विक्रेत्यापुढेही हाच मार्ग आहे. संकेतस्थळ उभारणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. कठीण आहे ते त्या गादीवरचा विश्वास पडद्यावर नेणे. कारण येथे ग्राहकाला कापड चाचपता येत नाही, दुकानदाराचा चेहरा दिसत नाही आणि तक्रार घेऊन जावे असा उंबरठाही नसतो.

अविश्वासाची किंमत कोण देतो?

विश्वास हा केवळ सद्गुणाचा विषय नसून तो अर्थशास्त्राचाही विषय आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. विक्रेत्याला मालाची खरी अवस्था ठाऊक असते, ग्राहकाला नसते. त्यामुळे ग्राहक प्रत्येक मोटारीकडे संशयाने पाहतो आणि मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली मोटार विकणे मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून बाहेर पडतो. उरतात त्या खराब मोटारी. मग किंमत आणखी घसरते आणि आणखी चांगला माल निघून जातो. या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

ग्वाल्हेर परिसरातील चंदेरी साडीला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात असलेले आणि आज अशोकनगर जिल्ह्यात मोडणारे चंदेरी हे गाव हातमागासाठी प्रसिद्ध आहे. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, अशी तेथील पारंपरिक वीण. रेशमावरील नैसर्गिक डिंक काढून टाकला जात नाही, म्हणून कापडाला ती विशिष्ट पारदर्शकता आणि चमक येते. बुट्टी विणताना धागा हाताने फिरवला जातो. अशा साडीला विणकराचे कित्येक दिवस लागतात. यंत्रमागावर निघालेले अनुकरण मात्र झटपट तयार होते आणि छायाचित्रात दोन्ही जवळपास सारखेच दिसतात.

पडद्यावर हातमागाची साडी आणि तिची नक्कल शेजारी शेजारी मांडली गेली की ग्राहक स्वाभाविकपणे स्वस्त वस्तू उचलतो. एकदा फसलेला ग्राहक पुढच्या वेळी खऱ्या साडीलाही पूर्ण किंमत द्यायला तयार होत नाही. नुकसान खोटे विकणाऱ्याचे होत नाही, ते प्रामाणिक दुकानदाराचे आणि त्याच्यामागे मागावर बसलेल्या विणकराचे होते. काजूगर, मानकुराद आंबा किंवा बेबिंका या २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या गोव्याच्या उत्पादनांनाही हाच धोका आहे. दुसरीकडचा माल गोव्याच्या नावाने विकला गेला, तर गमावली जाते ती गोव्याची पत.

दुरून विश्वास ठेवण्याची जुनी रीत

न पाहिलेल्या माणसावर विश्वास ठेवून व्यवहार करण्याची कला इंटरनेटने शोधलेली नाही. भारतातील सराफ शतकानुशतके हुंडीवर व्यवहार करीत आले. एका शहरात पैसे भरायचे आणि शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या शहरात ते वसूल करायचे, हा व्यवहार केवळ पेढीच्या नावावर चालत असे. हुंडी परत गेली की पेढीची अब्रू गेली, हा त्यातील अलिखित कायदा होता.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या बॉन मार्शे या दुकानाने, अरिस्तीद बूसिको यांच्या चालकत्वाखाली, प्रत्येक वस्तूवर निश्चित किंमत लिहिण्याची आणि न आवडलेला माल परत घेण्याची रीत रूढ केली. घासाघीस संपली आणि ग्राहकाची भीतीही ओसरली. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या, पुढे ईबे या नावाने ओळखल्या गेलेल्या लिलाव संकेतस्थळाने खरेदीदार व विक्रेता यांना परस्परांविषयी जाहीर अभिप्राय नोंदविण्याची सोय दिली. अनोळखी विक्रेत्याचा पूर्वेतिहास अशा रीतीने सर्वांसमोर आला. भारतात फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली, तेव्हा कार्डाचा क्रमांक देण्यास कचरणारा मोठा वर्ग ऑनलाइन खरेदीकडे वळला.

या साऱ्या उदाहरणांतून एकच सूत्र दिसते. प्रत्येक वेळी व्यवहारातील जोखमीचा काही भाग ग्राहकाच्या खांद्यावरून विक्रेत्याने आपल्या खांद्यावर घेतला. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणणे सोपे असते. ‘विश्वास खोटा ठरला तर नुकसान आमचे’ असे म्हणणाऱ्याकडे ग्राहक वळतो.

पडद्यावर कापड कसे दाखवावे?

छोट्या विक्रेत्याने पहिली मेहनत वर्णनावर घ्यावी. गादीवर बसलेला दुकानदार जे जे दाखवतो, ते ते छायाचित्रात यायला हवे. साडी उजेडासमोर धरून तिच्यामागे हात ठेवलेले एक चित्र तिच्या पारदर्शकतेविषयी चार ओळींपेक्षा अधिक सांगते. कापडाची उलटी बाजू, काठाचा जवळून घेतलेला भाग, दिवसाच्या प्रकाशातील रंग, साडीची लांबी, ब्लाऊजपीस आहे की नाही, धुण्याची पद्धत, हे सारे नोंदवलेले असावे. हातमागावर धाग्यात क्वचित आढळणारी असमानता लपवू नये. ती आधीच सांगितली, तर ग्राहक तिला हातमागाची खूण मानतो, आणि नंतर कळली तर दोष मानतो.

‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘सर्वोत्तम’ ही विशेषणे सगळेच वापरतात, म्हणून त्यांना किंमत उरलेली नाही. त्याऐवजी पडताळून पाहता येईल अशी माहिती द्यावी. हातमागाच्या कापडासाठी हँडलूम मार्क, रेशमासाठी सिल्क मार्क, भौगोलिक मानांकनाच्या वस्तूसाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून झालेली नोंद आणि खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक ग्राहकाला तपासता येतो. ज्याच्याकडे अशी खूण नाही, त्याने तसा आभास निर्माण करू नये.

चंदेरीतच या दिशेने एक प्रयोग झाला आहे. डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन या संस्थेने ‘चंदेरियाँ’ या उपक्रमातून विणकरांना संगणकावर नक्षी तयार करण्याचे शिक्षण दिले आणि त्यांच्या साड्यांसाठी ऑनलाइन विक्रीचा मार्ग उघडला. साडी ज्या गावात आणि ज्या मागावर विणली गेली, ती पार्श्वभूमी ग्राहकासमोर आली की तिची किंमतही त्याला उमगू लागते.

परत आलेल्या पार्सलचा हिशेब

विश्वासाचा अभाव नफ्यावर कसा उतरतो, हे साध्या हिशेबाने पाहता येते. समजा, एका साडीची किंमत ३,००० रुपये असून विक्रेत्याला तीवर ६०० रुपये सुटतात. पाठवणीला १२० आणि वेष्टनाला ३० रुपये लागतात. म्हणजे विकल्या गेलेल्या साडीमागे ४५० रुपये उरतात. परत आलेल्या साडीचा मात्र जाण्यायेण्याचा आणि वेष्टनाचा मिळून २७० रुपये भुर्दंड पडतो. दहा मागण्यांपैकी दोन परत आल्या, तर हाती ३,०६० रुपये राहतात. चार परत आल्या, तर १,६२० रुपये. परतीची संख्या दोनवरून चारवर गेली की नफा जवळजवळ निम्मा होतो.

म्हणून अतिशयोक्त वर्णनाने मिळवलेली मागणी शेवटी महाग पडते. माल हाती आल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत तर ग्राहक दारातूनच पार्सल परत करू शकतो. मागणी आल्यावर दूरध्वनी करून पत्ता व रंग यांची खात्री करणे, पार्सल कुठे पोचले हे कळवत राहणे आणि उशीर होणार असेल तर ग्राहकाने विचारण्याआधीच सांगणे, या साध्या गोष्टींनी परतीचे प्रमाण घटते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे आगाऊ पैसे देणे सुलभ झाले आहे. परंतु आगाऊ पैसे तोच ग्राहक देतो, ज्याला ते परत मिळण्याचीही खात्री असते.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सविषयीचे नियमही लागू झाले. त्यांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता व संपर्क, मालाचा मूळ देश, सर्व आकारांसह एकूण किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी स्पष्टपणे दिल्या पाहिजेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिनाभरात तिचे निराकरण करावे, असे बंधन आहे. सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. स्वतःच ग्राहक बनून आपल्या मालाची स्तुती लिहिण्यासही मनाई आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला भुलविणाऱ्या तेरा प्रकारच्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणे, शेवटच्या क्षणी किंमत वाढविणे हे प्रकार त्यांत मोडतात.

गोव्यातील ग्राहकाच्या दृष्टीने २०१९ च्या कायद्यातील एक तरतूद फार मोलाची आहे. तक्रार आता ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच दाखल करता येते. ग्वाल्हेरहून मागविलेल्या साडीविषयीची तक्रार उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडता येते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. पडद्यावरच्या दुकानाला उंबरठा नव्हता, तो कायद्याने ग्राहकाच्या गावात आणून ठेवला आहे. काणकोणचा काजू विक्रेता दिल्लीला माल पाठवतो, तेव्हा हाच नियम त्यालाही उलट दिशेने लागू होतो, याचेही भान हवे.

तक्रार हीच कसोटी

मोठ्या बाजारस्थळावर दुकान मांडले तर ग्राहक त्या बाजारस्थळाच्या नावावर विश्वास ठेवतो. छोट्या विक्रेत्याला तयार गर्दी मिळते, पण तो त्या गर्दीत अनाम राहतो आणि त्यासाठी दलालीही मोजतो. स्वतःच्या संकेतस्थळावर गर्दी हळूहळू जमते, मात्र जमलेला ग्राहक आपला असतो. २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्याने मधला मार्ग दाखवला असून २०२२ मध्ये त्याची चाचणी ज्या पहिल्या पाच शहरांत झाली, त्यांत मध्य प्रदेशातील भोपाळही होते. मार्ग कोणताही निवडला तरी विक्रेत्याची परीक्षा एकाच क्षणी होते, आणि तो क्षण तक्रारीचा असतो.

साडीचा रंग वेगळा निघाला, काजूचे पाकीट फुटलेले आले, तर त्या वेळी मिळणारे उत्तर ग्राहक विसरत नाही. चूक मान्य करून तत्परतेने माल बदलून देणाऱ्या विक्रेत्याचे नाव तो शेजाऱ्याला सांगतो. टाळाटाळ करणाऱ्याचे नावही सांगतोच. म्हणून प्रतिकूल अभिप्राय पुसून टाकण्यापेक्षा त्याखाली सभ्य शब्दांत उत्तर लिहिणे शहाणपणाचे ठरते. येणारा नवा ग्राहक तक्रार वाचतो, तसे उत्तरही वाचतो.

नया बाजारच्या गादीवर पिढ्यान्‌पिढ्या हेच घडत आले. फाटलेले कापड घेऊन आलेल्या ग्राहकाला दुकानदाराने पाणी विचारले, घडी बदलून दिली आणि ते कुटुंब पुढची तीस वर्षे त्याच दुकानात येत राहिले. आता घडी बदलून मागणारा माणूस शेकडो मैल दूर असेल आणि त्याचा निरोप मोबाइलवर येईल. त्या निरोपाला तितक्याच आदराने उत्तर देणाऱ्याचे दुकान पडद्यावरही टिकून राहील.