पर्सियस आणि आमचा बकासूर

जामनेरच्या आमच्या घरी टीव्हीवर हिंदीतला 'क्लॅश ऑफ द टायटन्स' लागला होता. समुद्रातल्या राक्षसाला द्यायची म्हणून राजकन्या बांधलेली, नगर भेदरलेलं. तूर पाखडणारी आजी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मंग हा त आपला बकासूरच हाये!" तिला त्या राजकन्येला सोडवणारा ग्रीक वीर पर्सियस ठाऊक नव्हता. पण एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी आणि पद्मालयाजवळ भीमानं बकासूर मारला, हे आमच्या जळगाव जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही.

ग्रीक कथेतला तो राक्षस 'केटॉस'. १९८१च्या सिनेमानं त्याचा 'क्राकेन' केला. हे नाव नॉर्वेकडच्या दर्यावर्दी दंतकथांतलं. त्या सिनेमातली केसांच्या जागी साप असलेली मेडुसा म्हणजे रे हॅरीहाउसेननं एकेक चौकटीला तसूभर हलवलेली बाहुली. २०१०च्या आवृत्तीत संगणक आला आणि भीती गेली. (पुतण्याला हे पटत नाही.) बाकीच्या ग्रीक कथाही सिनेमानं अशाच बदलल्या. २००४च्या 'ट्रॉय'नं देवांना जवळपास हद्दपार केलं, दहा वर्षांचं युद्ध काही आठवड्यांत उरकलं. मूळ कथेतला हर्क्युलिस वेडाच्या भरात स्वतःची मुलं मारतो. त्याचे पराक्रम हे त्याचं प्रायश्चित्त. १९९७च्या डिस्नेपटात यातलं काहीच नाही.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१९मध्ये 'कालिया मर्दन' केला, तेव्हा कृष्ण झाली त्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी. गोष्ट प्रेक्षकांना पाठच होती. पाण्यातली झुंज दाखवली की पैसे वसूल.

आता कुणी बकासुरावर मारधाडपट काढणार असेल, तर एवढंच करा: गाडाभर भात खात बसलेला भीम कापू नका.