रक्ताचा थेंब आणि प्रकाशाची टिचकी



यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांत सिकलसेल हे नाव कुणाला नवे नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनात एका जागी लहानसा बदल असतो. तेवढ्याने, प्राणवायू कमी पडला की, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईबाप दोघेही वाहक असले, तर दर खेपेस मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक. म्हणून लग्नाआधी आणि बाळ जन्मल्यावर रक्त तपासून घेणे बरे. आता ही तपासणी एका थेंबावर, कागदासारख्या पट्टीनेही होते. ही पट्टी रोग ओळखते तरी कशी?

दूध तापवलेल्या पातेल्याच्या बुडाला जो थर धरतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यात प्रथिने असतात. पृष्ठभाग सापडला की चिकटून बसायचे, हा प्रथिनांचा स्वभावच आहे. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. पट्टीतला पडदा आपल्या कापसातही असणाऱ्या सेल्युलोजपासून बनवतात, आणि त्यावर प्रतिपिंड नावाची प्रथिने अशीच चिकटवलेली असतात. प्रतिपिंडाला जणू दोन हात असतात; त्या हातांनी ते आपले नेमके सावज धरते. पण ते पालथे चिकटले, किंवा उन्हाने त्याचा आकार बिघडला, तर धरणार कोण? पट्टी आंधळी होते.

हे इतके बारीक काम पाहायचे कसे? मडके घेताना आपण टिचकी मारतो आणि आवाजावरून तडा ओळखतो. शास्त्रज्ञ प्रथिनाला प्रकाशाची टिचकी मारतात. रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यास दाखवले. १९६० साली लेसर आला आणि एकाच रंगाचा प्रखर झोत हाती लागला. १९७४ साली इंग्लंडात खरबरीत चांदीला चिकटलेल्या रेणूंचा असा प्रकाश टिपला गेला. अशा चांदी-सोन्यावर तो कैक पटींनी वाढतो, हे पुढे उमगले. या बदललेल्या रंगांवरून प्रथिनाची घडी शाबूत आहे की मोडली, त्याची कोणती बाजू पृष्ठभागाकडे आहे, याचा अंदाज बांधता येतो. पृष्ठभाग कसा घडवावा, हे त्यावरून ठरवता येते. लेसरनेच थेट रोग ओळखण्याचे प्रयत्नही चालू आहेत. मात्र ते बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत.

तोवर आपल्या हाती काय? पट्ट्या उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नयेत. वेष्टनावर लिहिलेले तापमान पाळावे. तपासणी बरोबर झाल्याची खूण म्हणून जी रेघ असते, ती उमटली नाही तर तो निकाल धरू नये. बाकीच्या रेघांचा अर्थ प्रत्येक संचात सारखा नसतो, तेव्हा सूचना वाचूनच सांगावा. आणि गुरुजी, एक गोष्ट गावात आवर्जून सांगा: पट्टीने संशय दाखवला, तर मोठ्या प्रयोगशाळेतून खात्री करून घेतल्यावाचून सोयरीक मोडू नये, अन् जुळवूही नये.