विश्लेषण : बीएएमएसच्या अभ्यासक्रमात विज्ञान किती? महाडच्या विंचवाचा धडा काय सांगतो?

‘एमबीबीएस नाही मिळाले, तर बीएएमएस घ्यावे का?’ नीटच्या निकालानंतर महाड, पोलादपूरसारख्या तालुक्यांतील घरांत हा प्रश्न हमखास निघतो. पाठोपाठ शंकाही येते, तिथे नुसते श्लोक पाठ करायचे की विज्ञानही शिकवतात? या शंकेचे उत्तर याच भागातल्या विंचूदंशाच्या उदाहरणातून चांगले समजते.

अभ्यासक्रम कोण ठरवते?

नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग अशा अनेक शाखांच्या परीक्षा हे एकच विद्यापीठ घेते. मात्र आयुर्वेद पदवीचा आराखडा भारतीय वैद्यक पद्धती राष्ट्रीय आयोग ठरवतो. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि शिवाय नीट आवश्यक आहे. साडेचार वर्षांचे शिक्षण दीड-दीड वर्षाच्या तीन टप्प्यांत होते आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते.

पदार्थविज्ञान म्हणजे फिजिक्स का?

नाही. पहिल्या टप्प्यातील ‘पदार्थविज्ञान’ हे नाव पाहून अनेकांचा गोंधळ होतो. मराठीत हा शब्द भौतिकशास्त्रासाठी वापरतात. इथे मात्र तो वैशेषिक, सांख्य या दर्शनांतील द्रव्य, गुण, कर्म आणि प्रत्यक्ष, अनुमान अशा प्रमाणांचा अभ्यास आहे.

प्रयोगशाळेतले विज्ञान इतर विषयांत भेटते. ‘रचना शारीर’मध्ये शवविच्छेदनासह शरीररचना, तर ‘क्रिया शारीर’मध्ये दोष-धातूंसोबत रक्ताभिसरण, मज्जासंस्था हे आधुनिक शरीरक्रियाशास्त्र असते. दुसऱ्या टप्प्यात वनस्पतींच्या गुणधर्मांसाठी द्रव्यगुण, धातू व खनिजांपासून औषधे बनवण्यासाठी रसशास्त्र आणि रोगनिदान शिकवतात. तिसऱ्या टप्प्यात कायचिकित्सा, शल्य, प्रसूती यांच्याबरोबर संशोधन पद्धती, वैद्यकीय सांख्यिकी आणि आत्ययिक म्हणजे तातडीची चिकित्सा हे विषय येतात.

विंचवाचा संबंध कुठे?

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी अगदतंत्र हे विषचिकित्सेचे अंग आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष आणि महाविष असे तीन वर्ग केलेले आहेत. सगळे विंचू सारखे घातक नसतात, हे निरीक्षण त्यामागे आहे.

कोकणातल्या दगडांच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात सापडणारा लाल विंचू या ‘महाविष’ वर्णनाला साजेसा आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचे रुग्ण रात्र-रात्र जागून पाहिले. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय आणि नंतर फुप्फुसात पाणी होणे, हा क्रम त्यांनी टिपला. ‘लॅन्सेट’मध्ये १९८२ साली त्यांची ही लक्षणे प्रसिद्ध झाली.

प्राझोसिनने काय बदलले?

विंचवाच्या विषामुळे शरीरात अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर ताण येतो. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध नेमका हाच परिणाम रोखते, कारण ते रक्तवाहिन्यांतील अल्फा ग्राहींना अडवते. डॉ. बावस्कर यांच्या नोंदींनुसार, गंभीर रुग्णांतील मृत्यूचे सुमारे ४० टक्के असलेले प्रमाण या उपचारानंतर एक टक्क्याच्या आसपास आले. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

हे सगळे घडले ते निरीक्षण, शरीरक्रियाशास्त्र आणि औषधशास्त्र यांच्या जोडीने. म्हणूनच अगदतंत्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला संहितेतले वर्गीकरण आणि अल्फा ग्राही या दोन्हींची ओळख हवी. आंबेनळी घाटाखालच्या एखाद्या वाडीत दंश झालेल्या मुलाला पहिला भेटणारा डॉक्टर बीएएमएस असू शकतो. हातपाय गार पडलेत हे त्याने वेळेत ओळखले, तर रुग्ण योग्य ठिकाणी वेळेत पोहोचतो.

वाद कशावर?

एमबीबीएस आणि बीएएमएस यांचा एकत्रित अभ्यासक्रम पुद्दुचेरीच्या ‘जिपमेर’मध्ये आणण्याचा मानस केंद्रीय आयुष राज्यमंत्री प्रतापराव जाधव यांनी २०२५ मध्ये जाहीर केला. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याला विरोध केला. दोन पद्धतींच्या सिद्धान्तांची सरमिसळ झाली, तर दोन्हींची खोली जाईल, असा विरोधकांचा मुद्दा आहे. समर्थकांच्या मते, ग्रामीण रुग्णाला दोन्हींची जाण असलेला डॉक्टर मिळेल.

प्रवेश घेताना काय पाहावे?

महाविद्यालयाला आयोगाची चालू वर्षाची परवानगी आहे का, शवविच्छेदनाची सोय कशी आहे आणि संलग्न रुग्णालयात रोज रुग्ण खरोखर येतात का, हे जाऊन पाहावे. अभ्यासक्रम कागदावर सगळीकडे सारखाच असतो. नाडी हातात घेऊन रुग्ण पाहण्याची सवय मात्र रुग्णालयातल्या खाटांजवळच लागते.