क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे आहे? आधी मान्यता तपासा

मानसशास्त्रात एम.ए. केले की माणूस मनाचा डॉक्टर होतो, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. पूर्वी या विषयाकडे फारसे कोणी वळत नसे. आता मात्र निकाल लागले की, ‘मुलीला सायकॉलॉजी करायचे आहे, कुठे घालावे?’ असे विचारणारे पालक भेटतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण या वाटेवर नावांचा घोळ फार आहे आणि त्यात मुलांची उमेदीची वर्षे व पालकांचा पैसा वाया जाऊ शकतो.

कोण काय करतो?

मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस.नंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तो औषधे देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजेच चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. बुद्ध्यंक मोजणे, मुलांमधील अध्ययन अक्षमता ओळखणे, मंत्रचळ, भयगंड, नैराश्य यांवर शास्त्रीय पद्धतीने विचार व वर्तन बदलण्याचे उपचार करणे, हे त्याचे काम. समुपदेशक अडचणीच्या काळात आधार व दिशा देतो. तिघेही हवेत, परंतु तिघांचे शिक्षण वेगळे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ सालचा आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी ही परिषद करते. नोंदणी नसताना असा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्याही परिषदेच्या मान्यतेवरच बेतलेली आहे. म्हणजे पदवीच्या नावात ‘क्लिनिकल’ शब्द असणे पुरेसे नाही. तो अभ्यासक्रम, त्या संस्थेत, परिषदेने मान्य केलेला असावा लागतो.

कित्येक वर्षे या व्यवसायाचा राजमार्ग होता तो म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. बंगळूरची निमहान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही त्यासाठी ओळखली गेलेली ठिकाणे. जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा व मुलाखतीची चुरस मोठी. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. पदवी बंद करण्याचे ठरवले. या विषयापुरती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ या सत्रापर्यंत सवलत दिली. दरम्यान परिषदेने बी.एस्सी., एम.ए. आणि साय.डी. असे नवे अभ्यासक्रम आणले. त्यामुळे चार वर्षांपूर्वी शिकलेल्या नातेवाइकाचा सल्ला आज जसाच्या तसा लागू पडेल असे नाही.

फी भरण्यापूर्वी पाच प्रश्न

१. संस्थेचे व अभ्यासक्रमाचे नाव परिषदेच्या यादीत आहे काय? मान्यता कोणत्या वर्षापर्यंत व किती जागांसाठी आहे? माहितीपत्रकावर विसंबू नका, परिषदेच्या संकेतस्थळावरची यादी स्वतः पाहा.

२. ही पदवी घेतल्यावर परिषदेकडे नोंदणी होईल काय आणि कोणत्या नावाने? उत्तर लेखी मागा.

३. रुग्ण कुठे पाहायला मिळतील? मनोविकार विभागात बाह्यरुग्ण व दाखल रुग्ण दोन्ही असावेत. पोहणे जसे पुस्तकातून येत नाही, तसेच हेही.

४. विद्यार्थ्याने तपासलेला रुग्ण पुन्हा कोण पाहतो? चुका दाखवणारा अनुभवी, नोंदणीकृत शिक्षक रोज हजर असणे ही चांगल्या संस्थेची खूण. शक्य असल्यास तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटून विचारा.

५. अभ्यासक्रम घरबसल्या होणारा आहे काय? मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद करण्याचा निर्णय आयोगाने घेतला आहे. अशा जाहिराती दिसल्या तर दूर राहा.

एवढा कटाक्ष कशासाठी?

थायरॉइडचा स्राव कमी पडला तरी माणूस उदास, सुस्त होतो. ऐकू कमी येणारे मूल वर्गात ‘ढ’ ठरते. हसतखेळत बोलणाऱ्या रुग्णाच्या मनात आत्महत्येचा विचार असू शकतो. कुठे आपले काम संपते आणि रुग्णाला डॉक्टरकडे पाठवायचे, हे ओळखण्याची नजर शेकडो रुग्ण जाणत्यांच्या देखरेखीखाली पाहूनच येते. अर्धवट शिकलेल्याच्या हाती रुग्ण सापडला तर उपचाराचे मोलाचे महिने जातात.

मान्यताप्राप्त जागा पहिल्या वर्षी मिळाली नाही, तर मिळेल तिथे पैसे भरून मोकळे होऊ नका. एखाद्या मनोविकार रुग्णालयात किंवा विशेष मुलांच्या शाळेत वर्षभर मदतनीस म्हणून काम करावे आणि पुन्हा परीक्षा द्यावी. साधे एम.ए. झालेल्यांनीही निराश होऊ नये. अध्यापन, संशोधन, उद्योगातील मनुष्यबळ विभाग ही क्षेत्रे त्यांना खुली आहेत. फक्त पाटीवर ‘क्लिनिकल’ लिहू नये, इतकेच.

आणि वाचकहो, उपचार घेण्याची वेळ आली तर समोरच्या तज्ज्ञाला परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. ज्याच्याकडे तो आहे, त्याला हा प्रश्न खटकत नाही.